झोपाळू पहारेकऱ्याची टेकडी

दि. २ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. शेवटच्या चढावर गाडीने मान टाकली म्हणून मैलभर चालत आलो, आणि झालं ते बरंच झालं. गाडीत असतो तर मला ते कळलंच नसतं. ताई, टेकडीवर आवाज नाही. पाखरू नाही, किडा नाही, आणि झाडाला पान नसलं की वाऱ्यालाही आवाज नसतो, हे मला एकसष्टाव्या वर्षी समजलं. वारा अंगाला लागत होता, कानाला लागत नव्हता. माझाच कान गेला की काय म्हणून दोनदा बोट घालून पाहिलं.

चार वर्षांच्या दुष्काळाने काय केलंय ते तुला शहरात बसून दिसायचं नाही. घरामागून माथ्यापर्यंत सगळे सुरूचे वृक्ष उभ्याउभ्या मेलेत. पडलेले नाहीत, उभेच आहेत. साल गळून खोडं पांढरी पडलीत, आणि मावळतीचं ऊन त्यांच्यावर आलं तेव्हा सगळी टेकडी घासून ठेवलेल्या भांड्यासारखी चकाकली. चाळीस वर्षं मी लाकडात काढली, पण लाकूड पाहिलं ते आडवं. एवढं मरण उभं असलेलं कधी पाहिलं नव्हतं. डोक्यावरची टोपी काढली. कुणी बघत नाही ना, हे पाहून काढली, पण काढली.

घर ठीक आहे. कुलपात तेल घालून अर्धा तास मिनतवाऱ्या केल्यावर ते उघडलं. तुझं टेबल, शाळेचं हजेरीपुस्तक, खडूचा डबा, सगळं जागच्या जागी, वर बोटभर धूळ. मुंग्यासुद्धा घर सोडून गेल्यात. यावरून काय ते ओळख.

आता कामाचं. आगीच्या खात्याचा निरीक्षक येऊन गेला. पोरगेलासा आहे, कमरेला मोजपट्टी लटकवतो आणि बोलतोही मोजून. त्याचं म्हणणं असं की घरापासून माथ्यापर्यंत एक वाळकं झाड, एक वाळकं झुडूप राहता कामा नये. गेल्या साली टेकडीपलीकडच्या दोन वस्त्या एका दुपारी जळून गेल्या. आग माथ्यावरून उतरली आणि माणसांना चपला घालायला वेळ मिळाला नाही. तो अठ्ठावीस तारखेला पाहायला येणार. पसंत पडलं तर विजेची तार जोडून देणार आणि तू राहायला मोकळी. नाही पडलं तर दाराला खात्याचं सील, पुढच्या वर्षापर्यंत.

आणि एक वाईट बातमी, ती आत्ताच सांगून टाकतो. स्वयंपाकघरामागची तुझी तुती गेली. निरीक्षक म्हणाला, घरापासून नऊ पावलांवर एवढं मोठं मेलेलं झाड म्हणजे चुलीशेजारी ठेवलेला रॉकेलचा डबा, ते बुडातून काढा. मी त्याच्या शब्दावर गेलो नाही. स्वतः कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट बाजूने टोला मारून पाहिला. खणखणीत वाजलं, ताई. ओल असलेलं लाकूड बद्द बोलतं. बाजारात मला कानवाले म्हणतात ते उगाच नाही. ओंडका पोकळ की भरीव, ओला की सुका, मी डोळे मिटून सांगतो.

बुलडोझर ठरवलाय. तीन दिवसांत टेकडीची हजामत करून देतो म्हणाला. बाबा ज्या टेकडीवर जन्मभर जाऊन झोपले, तिथे त्यांच्या पोराने तीन दिवसांत काम उरकलं, एवढं तरी लोक म्हणतील.

तुझी माया माझ्या वाट्याला आहे तेवढी राहू दे, जास्तीचा हट्ट करत नाही.
तुझा,
धाकटोबा


दि. ६ मार्च

चि. धाकटोबास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून मुंग्यांच्या रांगेसारखंच आहे. घरातल्या मुंग्या कुठे गेल्या ते कळलं.

पहिली गोष्ट, बुलडोझर नको. दुसरी गोष्टही तीच. कोयत्याने, कुऱ्हाडीने, हाताने काय व्हायचं ते होऊ दे. झुडूप काप, मूळ उपटू नकोस, आणि दगड दिसला तर आहे तिथेच राहू दे. का म्हणून विचारू नकोस. म्हातारीचं खूळ म्हण आणि ऐक.

तुतीचं म्हणशील तर, डॉक्टर नाडी बघतो, रोग्याच्या डोक्यात टोला घालून आवाज ऐकत नाही. तुझा कान तयार आहे हे मला मान्य, पण तो वखारीत तयार झालाय. वखारीत येतं ते प्रत्येक लाकूड मेलेलंच असतं. जिवंत झाड कसं बोलतं हे तू उभ्या जन्मात कधी ऐकलंस? चाळीस वर्षं तेरावं करणाऱ्याने बारशाला जाऊन निदान करावं तसं झालं हे. त्या झाडाला हात लावायचा नाही. ते तोडलंस तर घराला खुशाल सील लागू दे, मी परत येत नाही. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचा आवाज ऐकत बसेन आणि तुझ्या बायकोला सल्ले देत राहीन. मग तूच हात जोडशील.

तशी मला इथे काही कमी नाही. भावजय चहासुद्धा जागेवर आणून देते. नात माझ्या चष्म्याला रोज नवीन जागा शोधून ठेवते, तेवढाच व्यायाम. पण सकाळी उठल्यावर मी काय करायचं, याचं उत्तर या घरात कुणाकडे नाही. माझं वय सत्तरीला टेकलं. पुढचं वर्ष मी धरून चालत नाही, तूही धरू नकोस. यंदाच जायचं आहे.

आणि बाबा झोपले, झोपले, हे पालुपद आता पुरे. गेलेल्या माणसाला तीस वर्षांनीही उठून उत्तर देता येत नाही.

जेवण वेळेवर कर. माझा जीव तुझ्यात आहे, तो तसाच असू दे, टांगू नकोस.
तुझी,
ताई


दि. ११ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

बुलडोझर परत पाठवला. त्याच्या मालकाने माझ्याकडे असं पाहिलं की दुष्काळ झाडांना पडलाय की माझ्या अकलेला. आता बारा माणसं लावलीत. त्यांच्यावर एक मुकादमीण आहे, वय पन्नास, आवाज दोन टेकड्या ऐकतील असा. पहिल्या दिवशी मी तिला साहेब होतो, दुसऱ्या दिवशी शेठ, आज सकाळपासून नुसता अहो आहे. कोयता हातात घेतला तर म्हणाली की अहो, ती छत्री नाही. मी वाकून झुडपं तोडत असताना मागे ती सगळ्यांना सांगत होती की मोठी माणसं वाकली की आपण बाजूला व्हावं, त्यांना उठायला जागा लागते. मी ऐकलं. ऐकणार नाही असं तिला वाटलं असेल, पण कान शाबूत आहेत.

आग माथ्यावरून उतरते म्हणून आम्ही माथ्यापासूनच सुरुवात केली. झाडं मोटरच्या करवतीने पाडतो, खोडं दोराने खाली सोडतो, फांद्या आणि काटेरी झाडोरा पाठीवरून उतरवतो. लाकूड इतकं वाळलंय की करवत लागली की पिठासारखा भुगा उडतो आणि सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या होतात. दुपारी आम्ही चौदाही जण म्हातारे दिसतो. मी जरा कमी, कारण मी आधीच आहे.

परवाची गोष्ट. झुडपात घातलेला कोयता खण्णकन दगडावर बसला आणि ठिणगी उडाली. एवढीशी ठिणगी, ताई, पण गवत गुडघाभर आणि चार वर्षांचं वाळलेलं. सगळे जिथल्या तिथे थिजले. मुकादमीण मात्र थिजली नाही. तिच्या खांद्यावर कायम एक ओलं पोतं असतं, ती ते घेऊन सरळ त्या जागेवर जाऊन बसली. बसल्या बसल्या म्हणाली की आता चहा मागवा, मी उठत नाही.

ती उठली तेव्हा झुडूप हाताने मोडून पाहिलं. खाली भिंत होती. गुडघाभर उंच, कोरड्या दगडांची, उतारावर आडवी, पण अर्धीच. पुढे नुसता दगडांचा ढीग. जुना गोठा ढासळला असेल म्हणून सोडून दिली. पण तीस पावलं खाली दुसरी लागली, ती अखंड. वीतभरही ढासळलेली नाही. चुना नाही, माती नाही, दगडात दगड असा बसलाय की मी खिशातला चाकू घालून पाहिला, पातं शिरलं नाही. दर दहा पावलांवर मुठीएवढं भोक, पाणी निघून जायला. भिंतीच्या खालच्या अंगाला उघडा खडक, आणि वरच्या अंगाला मुकादमिणीने हात खुपसला तो कोपरापर्यंत मातीत गेला. चार वर्षांच्या दुष्काळात, कोपरभर काळी माती! तिने हाताचा वास घेऊन पाहिला आणि मलाही घ्यायला लावला. तळघरात येतो तसा गार वास होता त्याला.

हे कुणी बांधलं, असं तिने विचारलं. मी म्हणालो, असेल कुणी जुन्या काळचं. आमच्या वडलांच्या आधीचं. आमचे वडील रात्री गिरणीवर पहारा द्यायचे आणि दिवसा इथे येऊन घोरायचे, त्यांनी दगड वापरला असेल तर उशाला. ती वाकून दगडांच्या कडा बघत राहिली.

हाताने हे काम अठ्ठावीसपर्यंत निम्मंसुद्धा होत नाही, हे लिहून ठेव. तुझं खूळ आहे म्हणून करतोय. तुतीला अजून हात लावलेला नाही, पण निरीक्षक तिला सोडणार नाही.

रागावलीस तरी चालेल, दुरावू नकोस.
तुझा,
धाकटोबा


दि. १८ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर यायच्या आत दुसरं पत्र लिहितोय, कारण मला हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बांध दोन नाहीत. आजपर्यंत अकरा उघडे झालेत आणि खाली झुडपात अजून आहेत. सकाळी माथ्यावर उभं राहून खाली पाहिलं. झाडोरा निघाल्यावर टेकडी आखलेल्या वहीसारखी दिसते. एकाखाली एक रेघ, प्रत्येक रेघ उताराबरोबर वळणारी आणि तरी समपातळीत. माझा विश्वास बसेना. बाटलीत अर्धं पाणी घेऊन नवव्या बांधावर आडवी ठेवली. पाणी इकडे नाही, तिकडे नाही. पन्नास पावलं पुढे जाऊन ठेवली, तेच. मी करवतीचं यंत्र बसवताना तीन माणसं आणि परदेशी उपकरण लावलं होतं, तरी ते कलतंच.

दगड वरचे नाहीत, नदीतले आहेत. गुळगुळीत. म्हणजे खाली नदीपासून वर आणलेले. एक कोपऱ्याचा दगड हलवून पाहिला, मी आणि माझ्याहून दुप्पट रुंद असा एक गडी मिळून. तो जागचा हलला नाही, आम्ही हललो.

जेवायच्या सुट्टीत माणसांची चर्चा ऐकत पडलो होतो. एक म्हणाला, हे फौजेचं काम. दुसऱ्याने पन्नास माणसं आणि दोन वर्षं लावली. तिसऱ्याचं मत पडलं की पूर्वी माणसंच मोठी असायची, आता फक्त पोटं मोठी असतात, आणि असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. मुकादमीण तेवढ्यात उठली. ती मुळात गवंड्याची पोर, हे मला आज कळलं. तिने दगडांवरून तळहात फिरवला, मग दुसऱ्या बांधावर जाऊन फिरवला, मग तिसऱ्या. परत आली आणि म्हणाली की पन्नास नाहीत, दहा नाहीत, एक माणूस आहे. प्रत्येक दगडाची कड एकाच बाजूने, एकाच तिरक्या घावाने तासली आहे. आणि तो माणूस डावरा होता.

ताई, मी खाली बसलो.

बाबा डाव्या हाताने घड्याळाला किल्ली द्यायचे. डाव्या हाताने माझ्या केसांवरून हात फिरवायचे आणि मी तो झटकायचो.

पण मी म्हटलं, डावरी माणसं जगात पुष्कळ आहेत. तसाच उठलो आणि नवव्या बांधाशी गेलो. तिथे भिंतीत एक कोनाडा आहे, वर एक सपाट दगड सावलीला टाकलेला. मोठ्या माणसाला बसता येणार नाही एवढा लहान. आत वाळलेला पाला होता. तो काढला तर खाली पाटीचा तुकडा. लाकडी चौकटीचा एक कोपरा अजून शाबूत, आणि त्यावर खिळ्याने कोरलेलं फूल, पाच पाकळ्यांचं, एक पाकळी मोठी.

ते फूल मला पाठ आहे. तू शाळेची पाटी हरवलीस म्हणून आईने तुला दिवसभर कोपऱ्यात उभं केलं होतं. मी चार वर्षांचा असेन, तुला चिडवत तुझ्याभोवती नाचलो होतो. पाटी कुठे हरवली, ते तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस.

आता सांग.

माणसांनी आज कुणीही न सांगता तासभर आधी कामाला सुरुवात केली. बांधावर कुणी पाय देत नाही, उडी मारून जातात. मुकादमिणीने आपली जाऊ, दोन भाचे आणि शेजारपाजार नुसता बांध बघायला आणला होता. बघायला आलेले संध्याकाळपर्यंत कोयते घेऊन होते.

उत्तर लवकर पाठव. लोभ नंतर कर, आधी उत्तर.
तुझा,
धाकटोबा


दि. २२ मार्च

चि. धाकटोबास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाटी सापडली, बरं झालं. तिच्यापायी कोपऱ्यात उभी राहिले त्याला साठेक वर्षं होत आली. चौकट शाबूत असेल तर ठेवून दे, मला हवी आहे.

मी सात वर्षांची आणि तू वर्षाचाही नव्हतास तेव्हाची गोष्ट. एका दुपारी असा पाऊस कोसळला की टेकडी आमच्या डोळ्यांदेखत खाली आली. पाणी नव्हतं ते, माती होती, तांबडी, घरासमोरून वाहत नदीकडे चाललेली. बाबा दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले की ही माती तयार व्हायला किती माणसांचे जन्म लागले असतील, आणि जायला एक दुपार. दुसऱ्या दिवशी ते पहार घेऊन वर गेले.

रात्री गिरणीवर पहारा, सकाळी घरी येऊन तोंड धुवायचं आणि वर झोपायला जातो सांगून निघायचं. घरात तू रडायचास, म्हणून वर जाऊन झोपतात, असा आईचा समज. तो त्यांनी तसाच राहू दिला, कारण खरं कळलं असतं तर आईने त्यांना खाटेला बांधून झोपवलं असतं. आणि गिरणीच्या मालकाच्या कानावर गेलं असतं तर पहारा गेला असता. मी डबा घेऊन जायचे म्हणून मला माहीत. खालून वर, एकेक बांध. नदीतून दगड पाठीवर आणायचे, मोठा असला तर फळी आणि पहार लावून रोज चार हात वर सरकवायचे. कोपऱ्याचा जो दगड तुला हलला नाही, त्याला एकशे अकरा दिवस लागले. मी मोजलेत. तो कोनाडा माझ्यासाठी बांधला, ऊन लागू नये म्हणून. तिथे मी पाढे म्हणायचे आणि ते पाढ्याच्या तालावर दगड तासायचे. बारा वर्षं, धाकटोबा. कुणाला कळू नये, गुरांनी पाडू नये, म्हणून बांधाबांधावर त्यांनीच काटेरी झुडपं लावली. पुढे ती छाटायचं काम माझं होतं, पण माझे गुडघे गेले आणि झुडपांचं रान झालं, तो दोष माझा.

मग जे व्हायचं तेच झालं. पहाऱ्यावर डोळा लागला, चोरी झाली, नोकरी गेली. गावाने नाव ठेवलं, झोपाळू पहारेकरी. त्यांना वीटभट्टीवर दिवसाचं काम धरावं लागलं आणि वरचं काम थांबलं. सतरा झाले होते. माथ्यावरचा अर्धा बांध ढासळलेला नाही, राहिलेला आहे. तो ढीगही त्यांनीच आणून ठेवलेला, पुढच्या दगडांचा.

शाळेत तुला झोपाळूचा पोरगा म्हणायचे. सतराव्या वर्षी तू दारात उभं राहून बाबांना म्हणालास की तुम्ही जन्म झोपून काढलात, मी डोळा मिटणार नाही. मी तोंड उघडणार होते. बाबांनी नुसती मान हलवून मला गप्प केलं. तू वळणाआड गेल्यावर म्हणाले की नको सांगूस, रागावून गेलेलं पोर लांब जातं, दया येऊन थांबलेलं इथेच राहतं. मला ते पटलं नव्हतं. पण मी शब्द दिला होता. तू खरंच लांब गेलास. मग वाटलं, तुझा राग हे तुझं भांडवल आहे, ते मी का मोडू? चुकले असेन. बुलडोझर नको म्हटलं तेव्हा मला वाटलं होतं, आपोआप तुझ्या हाताने उघडं पडेल. डावा हात कळेल हे मात्र वाटलं नव्हतं. त्या बाईला माझा नमस्कार सांग.

आता तुतीचं. ती लावली तुझ्या जन्माच्या वर्षी. सगळ्यात खालच्या बांधाच्या पूर्वेकडून तिसऱ्या भोकापासून एक झाकलेली दगडी नाली तिच्या मुळाशी जाते. वरची चपटी शिळा सरकव. सगळ्यांना गप्प बसव. टोला मारू नकोस. कान लाव.

नशिबात असेल ते होईल. आशीर्वाद होता तिथेच आहे.
तुझी,
ताई


दि. २९ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र माथ्यावर त्या ढिगाशेजारी बसून वाचलं. काय वाटलं ते लिहिता येत नाही, आणि तुला कळायला लिहावं लागत नाही. उठलो तेव्हा मुकादमिणीने आपलं ओलं पोतं पुढे केलं तोंड पुसायला. दिवसभर चेहऱ्यावर पोत्याला अडकलेले काटे टोचत होते.

सव्वीसला शेवटचा बांध उघडा झाला. पूर्वेकडून तिसरं भोक, चपटी शिळा, सगळं तू म्हणालीस तसं. पंचवीस माणसं कामावर होती, सगळी भोवती जमली. करवत बंद केली. मी पोटावर पालथा पडलो आणि नालीच्या तोंडाला कान लावला.

काही नाही. नुसता माझाच श्वास. तो धरला. तरी काही नाही. मागे कुणीतरी कुजबुजलं की म्हातारा गेला की काय, आणि मुकादमिणीने त्याला गप्प केलेलं ऐकू आलं. मी उठणार, तेवढ्यात एक थेंब पडला.

ताई, एक थेंब. आत कुठेतरी अंधारात, दगडावर. मी मोजायला लागलो. दोनशे दहापर्यंत गेलो तेव्हा दुसरा. पुन्हा दोनशे दहा, तिसरा. चार वर्षं वर आभाळ कोरडं आहे, नदीत वाळू तापते आहे, आणि इथे सतरा बांधांनी धरून ठेवलेलं पाणी हळूहळू खाली येतंय, दोनशे दहाला एक या मापाने, मी जन्मलो त्या वर्षी लावलेल्या झाडाला. मी वखारीत होतो तेव्हा पडत होतं. बाबांना नावं ठेवत होतो तेव्हाही पडत होतं. मी एकेकाला कान लावायला लावला. बाकीच्यांना ऐकू आलं नाही, फक्त मुकादमिणीला आलं. बाकीचे म्हणाले, आलं. त्यांच्या तोंडाकडे पाहून मीही हो म्हटलं.

माझा कान तुतीच्या बाबतीत का चुकला तेही सांगतो. मी टोला मारला तो खांद्याच्या उंचीवर, ओंडक्याला मारतात तसा. तिथे ती खरंच मेली होती. मी कधी गुडघ्यांवर बसून मारला नाही.

काल निरीक्षक आला. मोजपट्टी काढून माथ्यापर्यंत चढला आणि तासभर उतरलाच नाही. खाली आला तेव्हा मोजपट्टी हातात तशीच लोंबत होती, गुंडाळायचं विसरला होता. बांध कुणी बांधले म्हणून त्याने विचारलं. मी म्हणालो, आमच्या वडलांनी, एकट्याने, झोपेच्या वेळात. त्याने ते कागदावर लिहून घेतलं, तसंच्या तसं. मग तुतीपाशी आला. मी गुडघ्यांवर बसून बुंध्याची साल नखाने खरवडली. आतून हिरवी. ओली हिरवी. त्याने स्वतः खरवडून पाहिली आणि बोटाचा वास घेतला. मग ठरलं असं की कमरेच्या वरचं मेलेलं सगळं काढायचं, बुंधा राहू द्यायचा. वरचं मीच कापलं, वीत वीत खाली येत, भुगा पांढरा होता तो पिवळा आणि ओलसर होईपर्यंत. तिथे थांबलो. कागदावर सही झाली. विजेची तार सोमवारी.

झाड तुला आधी ओळखू यायचं नाही. कमरेएवढं राहिलंय. पण तूही आता साधारण तेवढीच राहिली आहेस, जमेल तुमचं.

माणसांचं काम संपलं, तरी मुकादमीण आणि चारदोन जण मदतीला येतात, आणि मीही अजून इथेच आहे. राहिलेला अठरावा बांध मी परवापासून घेतलाय. दगड त्यांनीच आणून ठेवलेत, मला फक्त बसवायचे आहेत. दिवसाला तीन बसतात, त्यातला एक मुकादमीण दुसऱ्या दिवशी उपटायला लावते. तिचं म्हणणं असं की मी दगड बसवत नाही, गंजी रचतो. कुठवर त्यांचं आणि कुठून माझं ते तुला वर आल्यावर सांगावं लागणार नाही. माझं वाकडं आहे. बाटली ठेवून पाहिली, पाणी पळतं.

आणि एक कबुली. आज चार दगड बसवले, दुपारी जेवायला बसलो, आणि पुढचं मला आठवत नाही. मुकादमीण सांगते की हातात घास होता, तोंड उघडं होतं, आणि मी भिंतीला टेकून गाढ झोपलो होतो. घोरलोही म्हणे. एकसष्ट वर्षांत मी दुपारी डोळा मिटला नव्हता, तुला माहीत आहे. तिने कुणाला उठवू दिलं नाही. जाग आली तेव्हा ऊन कललं होतं आणि हातातला घास वाळून गेला होता. मी आधी इकडेतिकडे पाहिलं, कुणी हसतंय का. कुणी हसत नव्हतं.

गुरुवारी तुला न्यायला येतो. पाटीची चौकट पुसून टेबलावर ठेवली आहे. वर चढवत नाही म्हणू नकोस, खुर्चीत बसवून नेऊ, रोज चार हात.

माया कर, आणि दुपारचं दार वाजवू नकोस.
तुझा,
झोपाळू